लोकलटाइम वेगळी, टाइमझोन वेगळी

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरचा लिनक्सचा पीसी माझ्याकडे आला होता. पडद्यावरचं घड्याळ बरोबर. पावतीवर मात्र पहाटे सव्वापाचला घातलेलं दूध आदल्या तारखेला, रात्री पावणेबारा वाजता पडलेलं. साडेपाचनंतर आलेल्यांची तारीख बरोबर, वेळ चुकलेली. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, "घड्याळ पुढं करा." कृपा करून करू नका. पाच-सात मिनिटांचा फरक असेल तर दोष घड्याळाचा, एनटीपी (नेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू करा, विषय संपला. नेमका साडेपाच तासांचा असेल तर दोष टाइमझोनचा, म्हणजे कुठल्या प्रदेशाची वेळ धरायची या सेटिंगचा; घड्याळाला हात लावायचाच नाही.

लोक अडकतात ते /इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या दोन फायलींत. 'लोकलटाइम'मध्ये नियम असतो, 'टाइमझोन'मध्ये नुसतं नाव.

लोकलटाइम ही बायनरी फाइल, म्हणजे उघडून सरळ वाचता न येणारी. आपली वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढं, हे तिच्यात आहेच. महायुद्धात १९४५ पर्यंत आपली वेळ साडेसहा तास पुढं होती, हेसुद्धा आहे. वेळ दाखवणारी 'डेट' कमांड हीच वाचते. पण 'एशिया/कोलकाता' हे नाव तिच्या पोटात कुठंही लिहिलेलं नसतं!

मग नाव कुठून कळतं? लोकलटाइम ही खरी फाइल नव्हे, लिंक (दुसऱ्या फाइलचा नुसता पत्ता) असायला हवी, /यूएसआर/शेअर/झोनइन्फो/एशिया/कोलकाता कडं जाणारी. त्या पत्त्यावरूनच नाव वाचतात. कुणी 'सीपी' (कॉपीची कमांड) मारून फाइल तिथं आणून ठेवली की नियम येतो, नाव हरवतं. मग पावतीचा प्रोग्राम टाइमझोन फाइल उघडतो, आणि तिथं लिनक्स टाकतानाचं 'इटीसी/यूटीसी' तसंच पडलेलं. या पीसीवर नेमकं हेच झालं होतं. फायलींची यादी दाखवणारी 'एलएस -एल' मारल्यावर लोकलटाइमपुढं लिंकचा बाणच दिसला नाही, तिथंच कळलं.

टाइमझोन ही एका ओळीची साधी फाइल, डेबियन-उबंटूकडची चाल. फेडोरात ती शोधत बसू नका.

उपाय एकच, आणि मी दुसरा कुणाला सांगत नाही: 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता'. लिंक नीट बसते. नंतर टाइमझोन फाइल 'कॅट' करून (पडद्यावर छापून) बघा. जुनंच नाव असेल तर हातानं बदला. हातानं 'सीपी' करायला शिकवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण 'डेट' बरोबर दिसतं आणि दोष महिनोन्‌महिने लपून राहतो.

तरीही जमलं नाही तर 'टीझेड' हा व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला झोन सांगणारं वेगळं सेटिंग, बघा. तो दोन्ही फायलींच्या वर चालतो. त्यात नुसतं 'आयएसटी' (भारतीय प्रमाणवेळेचं लघुरूप) लिहिलेलं असेल तर लिनक्स वेळ यूटीसीचीच दाखवतं आणि शेजारी 'आयएसटी' छापतं. पूर्ण नाव लिहा, नाहीतर तो व्हेरिएबलच काढून टाका.

चालू असलेला प्रोग्राम बहुधा सुरू होतानाच झोन वाचून ठेवतो. म्हणून बदल सकाळचं संकलन आटोपल्यावर करा आणि संध्याकाळच्या आधी पावतीचा प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करा.