प्रकाशीय व्हिडिओडिस्क : प्रारंभीचा विकास

लेसर किरणाने वाचली जाणारी, चित्र आणि ध्वनी साठवणारी तबकडी. सीडी ही हिचीच धाकटी बहीण. पण व्हिडिओडिस्कवरचे चित्र अंकीय नव्हते. एफएम (कंप्रता बदलून माहिती वाहणाऱ्या) पद्धतीचा ॲनालॉग संकेत सूक्ष्म खळग्यांच्या लांबीत आणि मधल्या अंतरात उतरवलेला असे.

अमेरिकेत डेव्हिड पॉल ग्रेग यांना ही कल्पना 1958 मध्ये सुचली. त्यांची तबकडी पारदर्शक होती, प्रकाश तिच्या आरपार जाई. एमसीए या अमेरिकन करमणूक कंपनीने 1968 मध्ये त्यांचे पेटंट हक्क मिळवले. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेने मात्र परावर्तक तबकडी निवडली. एमसीए आणि फिलिप्स यांनी 1972 मध्ये वेगवेगळी प्रात्यक्षिके दाखवली आणि पुढे हातमिळवणी केली.

परावर्तक रचनेचा मोठा फायदा धुळीबाबत झाला. खळगे सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकच्या आड असतात. पृष्ठभागावर किरणाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा, तर खळग्यांपाशी जेमतेम एक मायक्रोमीटर. त्यामुळे वरचे बोटांचे ठसे फारसे आड येत नाहीत.

एनटीएससी या अमेरिकी दूरचित्रवाणी पद्धतीची 30 सेंमी. व्यासाची तबकडी मिनिटाला 1,800 फेरे घेते. एका फेऱ्यात एक चौकट, म्हणजे एक पूर्ण चित्र. शेजारच्या वळणांत सुमारे 1.67 मायक्रोमीटर अंतर असल्याने 9 सेंमी. रुंदीत 54,000 चौकटी, म्हणजे 30 मिनिटांचे चित्रण मावते. चित्र गोठवण्यासाठी, दोन चित्रांमधल्या कोऱ्या ओळी चालू असतानाच किरण दर फेऱ्याला एक वळण मागे उडी घेतो. बाहेरच्या कडेकडे जाताना वेग 600 फेऱ्यांपर्यंत उतरवला की एका बाजूला तासभर मिळतो, पण चित्र गोठवण्याची सोय जाते. शिवाय शेजारच्या वळणाचा संकेत मिसळला तर पडद्यावर तिरपे पट्टे सरकतात. पहिल्या, स्थिर 1,800 फेऱ्यांच्या प्रकारात दोन्ही वळणांचे समकालन स्पंद (चित्राच्या ओळी जुळवणारे संकेत) शेजारी-शेजारी येत असल्याने ते खपून जाते.

विक्री डिसेंबर 1978 मध्ये अमेरिकेतील अटलांटा शहरात सुरू झाली. मॅग्नाव्हॉक्स या फिलिप्सच्या अमेरिकी उपकंपनीच्या यंत्रात हेलियम-निऑन लेसर होता. खरी अडचण छापाईत निघाली. काचेवरच्या प्रकाशसंवेदी थरात खळगे उमटवून त्यावरून निकेलचा साचा काढत, त्याने ॲक्रिलिक दाबत, ॲल्युमिनियमचा मुलामा देत आणि असे दोन अर्धे पाठीला पाठ लावून चिकटवत. दाबताना धुळीचा कण अडकला की चित्रात पांढरा ठिपका किंवा अडखळ. चिकटद्रव्य सदोष असले किंवा ओल आत शिरली की मुलामा गंजतो आणि काही वर्षांत पडद्यावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडू लागतो. संग्राहक याला ‘लेसर रॉट’ म्हणतात. अशी तबकडी पुसून सुधारत नाही.