अंगठीची साईझ: बोटाचा घेर वेगळा, अंगठीचा व्यास वेगळा

घरच्या घरी अंगठीचं माप काढायचं म्हटलं की कुणी बोटाला दोरा गुंडाळतं, कुणी जुनी अंगठी फूटपट्टीवर ठेवतं आणि मग दोघंही आलेला आकडा घेऊन त्याच एका चार्टमध्ये शोधाशोध करतात. हा घोळ इतक्यांदा बघितलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. बोटाभोवती गुंडाळून येतो तो घेर, अंगठीत आडवं मोजून येतो तो व्यास, आणि घेर म्हणजे व्यासाच्या ३.१४ पट. ५४.४ मिमी घेर आणि १७.३ मिमी व्यास ही एकच अंगठी, अमेरिकन ७ नंबरची. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीत तर नंबर म्हणजेच आतला घेर मिलिमीटरमध्ये, ५४ नंबर म्हणजे ५४ मिमी. इथवर शाळेतलंच गणित आहे, सगळ्यांना येतं.

लोक अडकतात ते पुढे. "मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं?" घेर मोजताना फारसं बिघडत नाही, व्यास मोजताना मात्र सगळंच बिघडतं! अमेरिकन नंबरात एक पूर्ण साईझ म्हणजे घेरात साधारण २.५ मिमीचा फरक, पण व्यासात जेमतेम ०.८ मिमीचा. म्हणजे बोटाच्या घेरात एक मिमी चुकलात तर अर्धी साईझसुद्धा हलत नाही, आणि अंगठीच्या व्यासात तोच एक मिमी चुकला की सव्वा साईझ गेली. साध्या फूटपट्टीवर सगळ्यात बारीक रेघच एक मिमीची असते, मग तिच्यावर नजरेच्या अंदाजानं १७ की १७.५ ठरवून ऑर्डर कशी काय देता तुम्ही?

त्यात बाहेरून मोजणारे वेगळेच. अंगठीची जाडी दीड मिमी धरली तर दोन्ही बाजू मिळून व्यास ३ मिमीनं वाढतो, म्हणजे साडेतीन साईझच्या वर, अशी अंगठी बोटातून आपोआप गळून पडेल. मोजायचं ते आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत, तेही बरोब्बर मधून, थोडं वरखाली झालं तर आकडा कमीच येतो, म्हणून पट्टी हळूहळू सरकवायची आणि सगळ्यात मोठा आकडा येईल तो धरायचा. अंगठी वापरून चेपलेली असेल तर दोन दिशांनी मोजा आणि सरासरी घ्या. पट्टीचा शून्य कडेला नसतो बऱ्याचदा, १० मिमीच्या रेघेपासून सुरू करा आणि नंतर १० मिमी वजा करा. आतून पेन्सिल फिरवून गोल काढायचा आणि तो मोजायचा हा प्रकार तर बंदच करा, पेन्सिलीचं टोक कडेला टेकत नाही त्यामुळे गोल लहानच निघतो. व्हर्नियर कॅलिपर (सरकत्या जबड्यांचं मोजमापाचं साधन) मिळत असेल तर आतले जबडे वापरून मोजा, त्याच्याइतकं भरवशाचं घरात दुसरं काही नाही. आणि अंगठी त्याच बोटाची हवी, उजव्या आणि डाव्या हाताचं तेच बोटसुद्धा सारखं नसतं.

अशी अंगठी नसेल तर घेर मोजा, पण दोऱ्यानं नको. दोरा ताणला जातो, मांसात रुततो, प्रत्येक वेळी वेगळा आकडा देतो. कागदाची चारपाच मिमी रुंद पट्टी कापा, बोटाच्या मुळाशी गुंडाळा, टोक जिथे येतं तिथे बारीक खूण करा, उलगडून सपाट ठेवून मोजा. मग तशीच गुंडाळी करून ती सांध्यावरून सरकते का बघा, कारण अंगठी बसते मुळाशी पण जाते सांध्यावरून. सांधा जाड असेल तर तिथलाही घेर घ्या आणि दोन्हीच्या मधली साईझ धरा.

बाकीचं थोडक्यात. थंडीत बोटं आक्रसतात, उकाड्यात आणि खारट खाल्ल्यावर फुगतात, त्यामुळे साध्या हवेत, संध्याकाळच्या सुमारास मोजा. चार्टची प्रिंट काढणार असाल तर १०० टक्क्यांवरच काढा, पानात बसवून देणारा पर्याय बंद करा आणि शंका असेल तर छापलेली मोजपट्टी एटीएम कार्डाशी ताडून बघा, कार्डाची लांब बाजू ८५.६ मिमी असते. चार्टमध्ये घेर आणि व्यास दोन्ही रकाने असतील तर जे मोजलंय त्याच रकान्यात बघा, उगाच भागाकार करत बसू नका. आणि अंगठी रुंद पट्ट्याची, सहा मिमीच्या वरची असेल तर ती जास्त कातडी धरते, त्यामुळे घट्ट वाटते, तिथे अर्धी साईझ मोठी घ्या.