दिवा, लाईट आणि बॅटरी

“बॅटरी घे रे, लाईट आलीय!” पिंपळगावकडच्या द्राक्षमळ्यात रात्री अकराला ही हाक आली तर कुणी अर्थ विचारत नाही. बॅटरी म्हणजे उजेड पाडणारा टॉर्च आणि लाईट म्हणजे मोटार चालवणारी वीज. उसन्या आणलेल्या दोन शब्दांनी मळ्यात परस्पर अदलाबदल केली, आणि कुणाचं काही अडलं नाही.

दिवा मात्र जागचा हलला नाही. संस्कृतातला दीप, प्राकृतातला दीव, आपला दिवा. पणती, कंदील, रस्त्यावरचा खांब, मोटारसायकलचा पुढचा डोळा, सगळे दिवेच. आतली करामत मात्र दर वेळी निराळी.

नाशिकच्या भांडी बाजारातून आणलेली पितळी समई घ्या. वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून तेल आपोआप वर चढतं आणि तापून त्याची वाफ होते. जळते ती मुख्यतः ही वाफ. तेल आहे तोवर वात फारशी जळत नाही. ज्योतीत कार्बनचे सूक्ष्म कण तयार होतात, ते तापून चमकतात, म्हणून ज्योत पिवळी. ज्योतीत क्षणभर थंड चमचा धरा, त्यावर काळा थर बसेल. घरचं काजळ असंच धरायचे. ज्या काजळीला आपण नावं ठेवतो, तीच उजेड देत होती!

जुन्या बल्बनेही हेच केलं. फक्त काजळीच्या जागी टंगस्टनची तार, सुमारे 2,500 अंश सेल्सिअसला तापलेली. बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जायची, दिवा कमी आणि शेगडी जास्त.

एलईडीने तापवण्याची गरजच संपवली. अर्धवाहकात, म्हणजे धातूइतकी सहज वीज वाहू न देणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत पडतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होते. आपल्या पांढऱ्या दिव्यातली चिप खरं तर निळी असते. वरचा पिवळा लेप त्यातला काही निळा प्रकाश पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. निळा एलईडी घडवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं.

वात आणि बत्ती हे दोन्ही शब्द संस्कृत ‘वर्ति’चे. तरी गॅसबत्तीत वात नव्हती, जाळीची पिशवी होती. नाव तेवढं चिकटून राहिलं.

क्रियापदं मात्र आपण जपून वापरतो. बल्ब बंद करतो, चूल विझवतो, देवापुढचा दिवा मालवतो. आमच्या देव्हाऱ्यात हल्ली प्लॅस्टिकची, लुकलुकणारी एलईडीची समई आहे. मला ती मुळीच आवडत नाही. आई रात्री तिचं बटण दाबते आणि म्हणते, “दिवा मालवला गं.”