जुन्या विंचेस्टरची किंमत कागदावर कशी ठरू लागली

अमेरिकेत आजोबांच्या माळ्यावरून उतरलेली लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरायची ती) घेऊन माणूस जाणकाराकडे जातो, तेव्हा बहुधा एक वाक्य ठरलेलं असतं: "ही १८९४ सालची आहे, इथे लिहिलंय बघा." लिहिलेलं असतं हे खरं. विंचेस्टर कंपनीच्या मॉडेल १८९४ वर मॉडेलचं नाव आणि २१ ऑगस्ट १८९४ ही पेटंटची तारीख कोरलेली असते. पण तो छाप कंपनीने पुढे कितीतरी वर्षं तसाच मारला. मॉडेलचं साल वेगळं, रायफल घडली ते साल वेगळं. ते कळतं अनुक्रमांकावरून, आणि किंमत ठरवण्याचं काम तिथूनच सुरू होतं.

मुळात या रायफली दुर्मीळ नाहीत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. बेंजामिन टायलर हेन्रीची १८६० ची सोळा बारांची रायफल तेवढी थोडी निघाली, चौदा हजारांच्या आसपास. तिच्यामागे पैसा होता ऑलिव्हर विंचेस्टरचा, आणि हा गृहस्थ मूळचा शर्टांचा कारखानदार. १८६६ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने कंपनी उभी केली आणि पितळी चौकटीची, बाजूने काडतुसं भरता येणारी रायफल काढली. तिच्यानंतरचं मॉडेल १८७३ सात लाखांवर गेलं. जॉन ब्राउनिंगने आखलेलं १८९४ तर सत्तर लाखांच्या पुढे. १८९५ पासून ते धूरविरहित दारूच्या .३०-३० काडतुसासाठी मिळू लागलं आणि हरणाच्या शिकारीची रायफल म्हणून घरोघर पोचलं. दहा लाखावी प्रत १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली गेली, वीस लाखावी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांना. एवढ्या संख्येने असलेल्या वस्तूला नुसतं जुनेपणाचं मोल येत नाही. ते आलं ते बाहेरच्या तीन घटनांमुळे.

पहिली घटना चक्क सिनेमाच्या जाहिरातीची. १८७५ च्या सुमारास विंचेस्टरने एक क्लृप्ती काढली होती. चाचणीत ज्या नळ्यांचा नेम विशेष अचूक लागे, त्या निवडून, चांगली सजावट करून 'वन ऑफ वन थाउजंड' (हजारांत एक) असं कोरायचं आणि शंभर डॉलरला विकायचं. योजना फार चालली नाही. मॉडेल १८७३ मध्ये अशा १३६ रायफलींची नोंद सांगितली जाते. पुढे लोक त्या विसरूनही गेले. मग १९५० मध्ये जेम्स स्ट्यूअर्टचा 'विंचेस्टर ७३' आला. कथाच अशा एका रायफलीभोवती फिरणारी, म्हणून युनिव्हर्सल स्टुडिओने शिकारीच्या मासिकांत जाहिराती देऊन आणि दुकानांत पोस्टर लावून खऱ्या रायफली शोधायची स्पर्धाच लावली. घराघरांतून त्या बाहेर आल्या, आणि जुनी विंचेस्टर ही जमवायची चीज आहे हे सर्वसामान्य माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसरी घटना १९६४ ची. मजुरी वाढली होती, आणि घडीव पोलाद कोरून रिसीव्हर, म्हणजे नळीमागची मुख्य चौकट, बनवणं कंपनीला परवडेना. मॉडेल ९४ (म्हणजे १८९४ चंच) मध्ये रिसीव्हर वेगळ्या धातूचा, स्वस्तात बनवायला घेतला, काडतूस उचलणारा भाग पत्र्याचा झाला, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना आल्या. नव्या धातूवर पूर्वीचा निळा-काळा मुलामा नीट बसेना. रायफल चालत होती, पण गिऱ्हाइकाच्या हाताला फरक कळला. तेव्हापासून बाजारात 'चौसष्टच्या आधीची' ही स्वतंत्र जातच झाली. कारखान्याने स्वतःच्या जुन्या मालाचा भाव वाढवून ठेवल्याचं इतकं साफ उदाहरण क्वचितच सापडेल.

तिसरी घटना कायद्याची. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने १८९८ किंवा त्याआधी घडलेलं शस्त्र पुरातन मानलं आणि खरेदी-विक्रीच्या बऱ्याचशा केंद्रीय अटींतून मोकळं केलं. त्यामुळे अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मॉडेल ९४ च्या घडणीत काही महिन्यांचं अंतर असलं तरी त्यांच्या भावात फरक पडू लागला.

साल सिद्ध कसं करायचं? इथे वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयाचा संबंध येतो. विंचेस्टरचा संग्रह आणि कारखान्याच्या वह्या १९७० च्या दशकात, कारखाना जिथे होता त्या न्यू हेवनहून, तिकडे गेल्या. अनुक्रमांक कळवून शुल्क भरलं की संग्रहालय पत्र देतं: कोणतं काडतूस, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की खास, गोदामात कधी आली, बाहेर कधी पडली. समोरची रायफल पत्राशी जुळली तर भाव चढतो. वहीत गोल नळी आणि हातात अष्टकोनी, तर सौदा तिथेच थंडावतो. मालकाचं नाव मात्र या वह्यांत सहसा नसतं. २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली मॉडेल १८७३ सापडली, लाकूड तडकून करडं पडलेलं. १८८२ ची आहे एवढं वह्यांनी सांगितलं, ती तिथे कुणी ठेवली हे नाही. म्हणूनच "ही अमुक दरोडेखोराची" असं कुणी सांगितलं की जाणकार मान डोलावतो आणि भाव निव्वळ रायफलीचा लावतो.

कहाणीला पुरावा असला की मात्र आकडे वेड्यासारखे पळतात. अपाची जमातीचा लढवय्या नेता जेरोनिमो याचा पाठलाग करणाऱ्या कॅप्टन लॉटनला मित्राने भेट दिलेली मॉडेल १८८६ ची पहिली प्रत, अनुक्रमांक १, २०१६ मध्ये लिलावात १२ लाख ६५ हजार डॉलरला गेली.

कागद झाल्यावर जाणकार भिंग घेऊन लोखंडाकडे वळतो. कोरीव अक्षरांच्या कडा बोथट आहेत का, स्क्रूच्या भोकांभोवती खळगा पडलाय का, चौकटीच्या धारा गोलावल्यात का? यातलं काही दिसलं की पॉलिशचं चाक फिरलंय हे उघड होतं. नव्याने चढवलेला चकाकता मुलामा हौशी मालकाला अभिमानाचा वाटतो, पण संग्राहक त्यापेक्षा हातांनी झिजून तपकिरी झालेला मूळ पृष्ठभाग पसंत करतो आणि पैसेही त्याचे जास्त मोजतो. वारसांनी विकण्याआधी रायफल घासूनपुसून लख्ख करणं हा तर दरवेळचा ताप.

सगळ्यात अवघड बोलणं होतं ते स्मारक आवृत्त्यांबद्दल. १९६४ च्या वायोमिंग आवृत्तीपासून विंचेस्टरने सोनेरी मुलाम्याच्या, पदकं जडवलेल्या मॉडेल ९४ काढायचा सपाटाच लावला: बफेलो बिल, जॉन वेन, आणखी कितीतरी. लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या आणि खोक्यातच ठेवल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे टंचाई झालीच नाही. आज अशी रायफल घेऊन कुणी आलं की जाणकार आधी विचारतो, मूळ खोकं आहे का आणि लिव्हर कधी फिरवलीय का? कारण चार वेळा फिरवली तरी मुलाम्यावर ओरखडा उठतो, आणि ओरखडा उठला की ती साध्या शिकारी रायफलीच्या पंगतीत जाऊन बसते.