धर्मसाक्षरता आणि विद्यापीठीय जीवन

धर्मपरंपरा, त्यांतील अंतर्गत भेद आणि समाजजीवनाशी असलेला त्यांचा संबंध जाणून घेण्याची क्षमता म्हणजे धर्मसाक्षरता. विशिष्ट श्रद्धेचे संस्कार करणाऱ्या धर्मशिक्षणाहून ती वेगळी आहे. निरीश्वरवादी व्यक्ती धर्मसाक्षर असू शकते आणि नित्यनेमाने उपासना करणारी व्यक्ती स्वतःच्या पंथापलीकडे निरक्षर राहू शकते.

या संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. २००७ मध्ये स्टीफन प्रोथेरो आणि डायान मूर या अमेरिकी अभ्यासकांची या विषयावरील पुस्तके प्रसिद्ध झाली, म्हणून तेच वर्ष आरंभबिंदू धरण्याकडे कल दिसतो. संज्ञेच्या प्रसारापुरते ते मान्य करता येईल. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. भाषा व धर्मांचे अभ्यासक माक्स म्युलर यांनी १८७० मध्ये लंडन येथील व्याख्यानांत, भाषांविषयीचे जर्मन कवी गटे यांचे वचन धर्मांना लावून, एकच धर्म जाणणारा एकही जाणत नाही, असे प्रतिपादन केले होते. शाळांतील बायबलवाचनासंबंधीच्या १९६३ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे वाचन घटनाबाह्य ठरवले, पण धर्मांचा तुलनात्मक किंवा ऐतिहासिक अभ्यास निषिद्ध नाही, हेही स्पष्ट केले. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २८ पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थांत धार्मिक शिक्षणास मनाई करतो. तेथेही धर्मांविषयीच्या अभ्यासाला ती मनाई लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. ‘धर्म शिकवणे’ आणि ‘धर्माविषयी शिकवणे’ हा भेद या संकल्पनेचा कणा असल्याने तिचा उगम २००७ च्या बराच मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते.

व्याख्येबाबत दोन भूमिका आहेत. प्रोथेरो प्रमुख ग्रंथ, कथा, प्रतीके व सिद्धांत यांच्या माहितीवर भर देतात. मूर यांच्या मते धर्म अंतर्गत वैविध्याने भरलेले, काळानुसार बदलणारे आणि संस्कृतीत गुंतलेले असतात, हे ओळखता येणे महत्त्वाचे. दुसरी भूमिका अधिक टिकाऊ दिसते, कारण पाठ केलेल्या माहितीवरून एकाच धर्माच्या दोन अनुयायांचे आचरण परस्परविरुद्ध का असते, हे उलगडत नाही. धर्मांचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी १९६७ पासून लँकेस्टर विद्यापीठात उभारलेल्या धर्माध्ययनातही कर्मकांड, कथा, अनुभव, नीती, सिद्धांत व समाजसंघटन यांचा एकत्र विचार होता. भौतिक वस्तूंचे सातवे अंग त्यांनी पुढे जोडले.

विद्यापीठात श्रद्धेला असलेले स्थान एका दिशेने बदललेले नाही. ऑक्सफर्डमध्ये १५८१ पासून प्रवेशाच्या वेळीच अँग्लिकन चर्चच्या, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या, श्रद्धातत्त्वे सांगणाऱ्या ३९ कलमांवर स्वाक्षरी करावी लागे. १८२६ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या महाविद्यालयाने, म्हणजे आजच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने, अशी अट ठेवली नाही; ऑक्सफर्ड, केंब्रिज व डरॅम येथील उरलेल्या बहुतेक धार्मिक अटी १८७१ च्या कायद्याने गेल्या. अटी गेल्या तरी श्रद्धावान विद्यार्थी राहिलेच, आणि वेळापत्रक आखणाऱ्याला त्यांची दखल घ्यावी लागते. इस्लामी चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने रमजान साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो, आणि एका पिढीच्या सुट्टीत आलेला उपवास पुढच्या पिढीच्या वार्षिक परीक्षेत येतो. ज्यू शब्बाथ, म्हणजे लेखनासह काम वर्ज्य असलेला साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे उत्तरेकडील देशांत हिवाळ्यातील शुक्रवारची दुपारची परीक्षा संपण्यापूर्वीच त्याची वेळ होऊ शकते. अशा वेळी पर्यायी तारीख देणे ही सवलत की समान वागणूक, हा प्रश्न परंपरेची माहिती नसलेल्या अधिकाऱ्याला नीट मांडताही येत नाही.

सामायिक प्रार्थनाकक्षांतही हीच गुंतागुंत आढळते. एका गटाला वजूसाठी, म्हणजे नमाजापूर्वी हात-पाय-तोंड धुण्यासाठी, पाणी आणि किब्ल्याची, म्हणजे मक्केतील काबाची, दिशा हवी असते, दुसऱ्याला मूर्ती किंवा चित्र, तर तिसऱ्याला रिकामी भिंत आणि शांतता. त्यामुळे अशा कक्षांत कायम प्रतीके न बसवता ती वापरानंतर कपाटात ठेवण्याची पद्धत रुळली आहे.