कार्बाइड उघड मिळतं, म्हणजे बंदी नाही?

देवगड-रत्नागिरीकडे हापूसचा हंगाम आला की आंबा झटपट पिकवायला वापरतात त्या कॅल्शियम कार्बाइड या रसायनाबद्दल हे ऐकू येतंच: "कार्बाइड दुकानात मिळतं, ऑनलाइनही मिळतं. मग बंदी कसली?"

बंदी आहे, पण ती विक्रीवर नाही, वापरावर. वेल्डिंगसाठी कार्बाइड विकत घेता येतं. त्यावर फळ पिकवायला मात्र अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी मनाई आहे, आणि असं पिकवलेलं फळ विकणंही गुन्हा. आंब्यांच्या पेटीत ठेवलेल्या पुडीतल्या कार्बाइडला ओल लागली की अॅसिटिलीन वायू सुटतो आणि आंबा पिवळा पडतो, आतून आंबट राहिला तरी. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. खरी भीती त्यांची.

याचं दुसरं टोक म्हणजे "पुडी दिसली की विष". तेही खरं नाही. इथिलीन हा पिकताना फळातून सुटणारा, फळाचा स्वतःचाच वायू. रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत, तो 100 पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) चालतो. इथिलीनची पुडीही चालते, फक्त ती फळाला थेट टेकता कामा नये. पेटीत आंब्यांमध्येच खुपसलेली पुडी, मग ती कसलीही असो, नियमात बसत नाही.

गवतातल्या अढीला यातलं काहीच लागत नाही. धीर तेवढा लागतो, आणि मुंबईच्या बाजारभावाला तो नसतो.