'एक्झॉर्बिटंट': चाकोरी सोडलेला शब्द

घरभाडं, शाळेची फी, विमानाचं तिकीट अव्वाच्या सव्वा झालं की इंग्रजी बातमीत 'एक्झॉर्बिटंट' हमखास येतो. त्यात 'ऑर्बिट' म्हणजे कक्षा दिसते, म्हणून भाव अंतराळात गेले असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे; मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं खगोलशास्त्रज्ञ केपलरने मांडलं ते 1609 मध्ये. शब्दाचं मूळ चिखलात आहे.

लॅटिनमध्ये 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकाने रस्त्यात पडलेला खोल चर, आपली चाकोरी. 'एक्स' म्हणजे बाहेर. मराठीत 'चाकोरीबाहेरचा' ही बहुधा शाबासकी, इंग्रजीत मात्र ती तक्रार झाली. आधी तो कायद्याचा शब्द होता, नेहमीच्या नियमात न बसणाऱ्या प्रकरणासाठी. फ्रेंच कायद्यात हा अर्थ अजून टिकून आहे. पैशांशी त्याची गाठ नंतर पडली.

दोन भाषांना एकच प्रतिमा सुचली, म्हणून लॅटिन संस्कृतातून निघाली असं कुणी सांगितलं तर मानू नये. 'चक्र' आणि 'ऑर्बिटा' यांचं नातं नाही. 'चक्र'चं सख्खं भावंड इंग्रजीतलं 'व्हील' आहे. कानाला ते पटत नाही, पण ध्वनिबदलाच्या नियमांनी ते सिद्ध झालं आहे.

चाक चाकोरीतून बाहेर काढायचं तर चराची भिंत पूर्ण चढावी लागते. पाऊण चढलेलं चाक परत आत घसरतं. कक्षेचंही तसंच. मंगळयान 5 नोव्हेंबर 2013 ला उडालं आणि पृथ्वीभोवती फिरत कक्षा लांबवत राहिलं. त्यासाठी इंजिन पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाच पेटवत. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते: सेकंदाला 10.8 किमी वेग असताना 100 मीटरची भर घातली तर किलोमागे सुमारे 11 लाख ज्यूल मिळतात. दूरच्या टोकाला वेग जेमतेम 0.36 किमी, तिथे तेवढ्याच भरीला 41 हजार. इंधन तेवढंच, लाभ पंचवीस पटींहून जास्त! चौथ्या वेळी इंधनाची झडप चालवणाऱ्या मुख्य आणि राखीव अशा दोन्ही विद्युत कॉइल एकदम चालू करून पाहिल्या, तेव्हा इंधनाचा प्रवाह थांबला. 130 ऐवजी 35 मीटरच वेग वाढला आणि दुसऱ्या दिवशी ती तूट भरून काढावी लागली.

शेवटी कक्षेचं दूरचं टोक 1,92,874 किमीवर गेलं. चंद्राच्या अर्ध्या वाटेवर, तरी यान पृथ्वीचंच! जवळच्या बिंदूशी मुक्तिवेगाला, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगाला, सेकंदाला साधारण 0.2 किमी कमी पडत होते. 1 डिसेंबरला इंजिन 22 मिनिटं चाललं, वेग 648 मीटरने वाढला आणि चाकोरी सुटली.

'हाय' (चढा) आणि 'एक्झॉर्बिटंट' यांतला फरक हाच. चढा भाव कितीही ताणला तरी बाजाराच्या कक्षेत असतो. एक्झॉर्बिटंट भावाने वाजवीपणाची हद्दच सोडलेली असते. म्हणून हा शब्द दर, भाडं, व्याज, मागणी यांना शोभतो. पाऊस 'एक्सेसिव्ह' म्हणावा, 'एक्झॉर्बिटंट' नाही. लिहिताना 'एक्स'नंतर 'एच' घालू नये. 'एक्झॉस्ट'मध्ये तो असतो, म्हणून इथेही बोट तिकडे जातं.